आधी तंबोरा ऐका: शास्त्रीय गाण्याचं नवं रेकॉर्डिंग पारखताना

नवं रेकॉर्डिंग लावलं की गायक 'सा' कधी लावतोय याची वाट बघत आपण बसतो. त्याआधी वीस-तीस सेकंद नुसता तंबोरा वाजत असतो, तेवढा भाग कित्येक जण बोटाने पुढे सरकवतात. तो सरकवू नका. रेकॉर्डिंग कसं झालंय याची अर्धी हकिकत तिथेच कळते.

ध्वनिमुद्रण हे एकट्या कलाकाराचं काम कधीच नसतं. छोट्या मैफलीत गायकाचा गळा आणि तुमचा कान यांच्यामध्ये फार तर एक माइक आणि दोन स्पीकर येतात. अल्बमचं तसं नाही. कुणीतरी माइक निवडलेला असतो, तो तोंडापासून किती लांब ठेवायचा हे ठरवलेलं असतं, आवाजाचे चढउतार आवळलेले असतात, वर घुमारा चढवलेला असतो, फसलेली जागा कापून दुसरी जोडलेली असते. त्यामुळे 'गाणं सपाट वाटलं' किंवा 'काय भरदार आवाज लागलाय' असं म्हणताना तो दोष किंवा गुण नक्की कुणाच्या खात्यावर टाकायचा, हा पहिला प्रश्न. हिंदुस्थानी संगीताचे नवे अल्बम ॲपवर सारखे येत असतात आणि त्यांच्याखाली 'अप्रतिम', 'निःशब्द' यापलीकडे फारसं कुणी काही लिहीत नाही, म्हणून हा प्रपंच.

तंबोरा काय काय सांगतो

नेहमीच्या तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची ('प'), मधल्या दोन षड्जाच्या ('सा') आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. रागात पंचम नसेल तर पहिली तार बदलावी लागते: मालकंसाला मध्यम, मारव्याला बहुधा निषाद. मालकंसाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे पंचम वाजताना ऐकू आला तर समजा, तंबोऱ्याचं यंत्र आधीच्या गाण्याला होतं तसंच सुरू केलंय. इथपासूनच निष्काळजीपणा असेल तर पुढचं जरा सावधपणे ऐकलेलं बरं.

यंत्राचं म्हणाल, तर त्याच्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. बंगळुरूच्या राडेल कंपनीने 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, आता तो मोबाईलच्या ॲपमध्ये आलाय, आणि विमानाने दौरे करणाऱ्या कलाकाराची त्याने मोठी सोय केली. पण स्टुडिओत निवांत बसून रेकॉर्डिंग करताना खरे तंबोरे का घेतले नाहीत, हे विचारायला हरकत नसावी. फरक ओळखणं अवघड नाही. खऱ्या तंबोऱ्याची प्रत्येक छेड आधीच्या छेडीपेक्षा किंचित वेगळी पडते, कारण वाजवणारं बोट माणसाचं असतं. यंत्रात तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो. मिनिटभर लक्ष दिलंत तर कुठे सांधा जुळवलाय तेही सापडतं. आणि जवारी. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी झणकार काढतात, तिच्यातून वरचे स्वर उमलतात. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलं, तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये ती झणकार मोकळी ऐकू येते. वाईट रेकॉर्डिंगमध्ये मागे नुसती गुणगुण उरते.

आता गायक गाऊ लागला. तरी एक कान तंबोऱ्यावर ठेवा, आणि गायक श्वास घ्यायला थांबला की तंबोऱ्याचं काय होतं ते पाहा. तो अचानक वर उसळत असेल आणि गायकाने तोंड उघडताच परत दबत असेल, तर तुम्ही कॉम्प्रेशन ऐकताय. मोठा आवाज दाबायचा आणि मग सगळंच वर उचलायचं, असं ते तंत्र. चित्रपटगीतांत आणि जाहिरातींत ते चालून जातं, गाडीतसुद्धा सगळं स्पष्ट ऐकू येतं. ख्यालात मात्र ते घात करतं. कुजबुजल्यासारखा लावलेला मंद्र (खालच्या सप्तकातला) निषाद आणि पूर्ण ताकदीने फेकलेला तार (वरच्या सप्तकातला) षड्ज एकाच उंचीचे होऊन बसतात. गायकाने आवाजाचं जे लहान-मोठं केलं होतं, ते तंत्रज्ञाने पुसून टाकलं. ऐकणारा म्हणतो, 'गाण्यात उठाव नाही.' बिचाऱ्या गायकाने उठाव दिला होता!

घुमाऱ्याचीही अशीच परीक्षा घेता येते. एखादी तान झटकन तुटते ती जागा शोधा. तान संपल्यावर आवाजाची शेपटी किती वेळ रेंगाळते? गळ्यामागे देवळाच्या गाभाऱ्याएवढा घुमारा आणि तबला मात्र कोरडा ठणठणीत, असं असेल तर सगळे एका खोलीत बसून गायले-वाजवलेले नाहीत, किंवा बसले असले तरी मिक्सिंगमध्ये त्यांना वेगळं केलंय. घुमारा थोडा असावाच, ठार कोरडं गाणं कुणालाच आवडत नाही. जास्त घुमाऱ्याचा मतलबी उपयोग असा की दाणे न पडलेली, म्हणजे एकेक स्वर सुटा न निघालेली, तान त्यात खपून जाते.

हे सगळं मोबाईलच्या स्पीकरवर कळणार नाही. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर असते, डग्ग्याची घुमकही खालच्याच पट्ट्यातली. एवढ्याशा स्पीकरला ते काढताच येत नाही. महागडी यंत्रणा लागत नाही, तारेचे साधे बरे हेडफोन पुरतात.

सूर लागलाय की लावून दिलाय

हा जरा नाजूक विषय. ऑटोट्यून 1997 मध्ये बाजारात आलं, त्यानंतर एकेक स्वर पडद्यावर उचलून हवा तिथे ठेवण्याची साधनंही आली. शास्त्रीय गाण्यात ती वापरली जात नाहीत, असं छातीठोकपणे कुणी सांगू नये.

घोळ कुठे होतो ते समजायला थोडं गणित लागतं. पाश्चात्त्य पियानोवर सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप; प्रत्येक भाग 100 सेंटचा, म्हणून तिथला शुद्ध गंधार षड्जापासून बरोबर 400 सेंटवर. पण नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात, तो साधारण 386 सेंटवर. चौदा सेंटचा फरक. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण यमनमध्ये गायक गंधारावर आठ-दहा सेकंद थांबतो तेव्हा तो लपत नाही. गळ्यातला गंधार तंबोऱ्यात विरघळला तर दोन्ही मिळून एकच आवाज वाटतो. तो पियानोच्या जागी ओढला गेला असेल तर दोघांमध्ये बारीक थरथर, किंचित खरखर जाणवत राहते. दुरुस्तीचं यंत्र जसं मिळतं तसंच वापरलं तर ते स्वराला या 400 च्या खुंटीला बांधतं.

मात्र लगेच निकाल देऊ नका. साथीला पेटी असेल तर तिचा गंधार मुळातच 400 च्या आसपास असतो, आणि खरखर पेटी-तंबोऱ्यातली असू शकते. याच कारणासाठी काही वादक पेटी वेगळी लावून घेतात; डॉ. विद्याधर ओक यांनी तर 22 श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची) पेटीच बनवली. शिवाय पेटीच्या सुराला गळा चिकटवून गाणारेही पुष्कळ. तेव्हा पेटी गप्प असेल अशी जागा शोधून तिथे ऐका.

दुसरी खूण मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात, सापडते. षड्जावरून पंचमापर्यंत घसरत जाणारा स्वर मध्ये कुठेही थांबत नाही. दुरुस्ती घाईची असेल तर मींडेच्या जिन्यासारख्या पायऱ्या होतात. दरबारीचा गंधार ही तर उत्तम कसोटी. तो नेहमीच्या कोमल गंधाराच्याही खाली असतो, आणि स्थिर न राहता सावकाश हेलकावत राहतो. ज्या नव्या दरबारीत तो गंधार एका जागी ताठ उभा राहिलाय, तिथे एक तर गायकाला राग नीट मिळालेला नाही, किंवा मिळाला होता आणि कुणीतरी तो 'सुधारला'. हाताने, जागा बघून केलेली दुरुस्ती मात्र कानाला सापडेलच असं नाही. संशय आला तर त्याच कलाकाराचं ताजं मैफलीतलं गाणं ऐकावं. तिथे सूर असाच लागत असेल तर विषय संपला.

कापाकापीचंही असंच. एखादा श्वास अर्धवट तुटतो, तंबोऱ्याची छेड मध्येच उडी मारते. अशी एखादी जागा सापडली म्हणून अल्बम मोडीत काढायचं कारण नाही. सगळा द्रुत ख्यालच तुकड्यातुकड्यांनी बांधलेला असला, तर मात्र ते ज्याचं त्याला कळायला हवं.

घड्याळ लावून ऐकलेला यमन

तंत्रज्ञाचा वाटा बाजूला काढला की गाणं उरतं. इथे लोक 'भाव' वगैरे शब्दांकडे धाव घेतात. त्याआधी एक अगदी रुक्ष वाटणारा उद्योग करून बघा. नव्या रेकॉर्डिंगमधला विलंबित एकतालातला यमन घ्या, कागद-पेन्सिल घ्या, आणि प्रत्येक समेला, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाच्या (फेऱ्याच्या) पहिल्या मात्रेला, एक रेघ ओढा.

समजा एक आवर्तन 50 सेकंदांचं आहे आणि बडा ख्याल अर्ध्या तासाचा. म्हणजे साधारण 36 रेघा. गंधारावर पहिला ठाम न्यास (मुक्काम) कितव्या रेघेवर आला? तीव्र मध्यमाला नुसता हात लावून परत फिरला, की तिथे काही मांडलं? पंचम कधी उघडला? तार षड्ज कितव्या रेघेवर? एखादा गायक सहाव्या रेघेलाच तार षड्जावर पोचलेला दिसतो. मग उरलेल्या 30 आवर्तनांत त्याने काय केलं, ते पाहा. कधी उत्तर मिळतं की बोलांशी, लयीशी खेळत त्याने खूप काही केलं. कधी दिसतं की त्याच चार जागा फिरून फिरून आल्या. दुसऱ्यांदा ऐकताना तानांच्या शेवटाकडे लक्ष द्या. दहापैकी सात ताना एकाच वळणाने उतरत असतील तर ती उपज (गाताना सुचलेलं) नव्हे, पाठांतर.

मुखड्याकडेही, म्हणजे बंदिशीच्या समेवर आणणाऱ्या तुकड्याकडेही, बघा. समेवर येण्यासाठी गायकाला कितव्या मात्रेपासून धावपळ करावी लागते? जो सहज येतो त्याच्या डोक्यात आवर्तन सतत चालू असतं. जो शेवटच्या दोन मात्रांत शब्द कोंबतो, त्याला तबल्याने जागं केलेलं असतं. बंदिशीचे शब्द ऐकू येतात का, हेही नोंदवून ठेवा. नव्या पिढीत कित्येकांचा गळा विलक्षण तयार आहे आणि शब्द मात्र तोंडातल्या तोंडात, अशी माझी जुनी तक्रार आहे.

हा कागद गुणपत्रिका म्हणून वापरू नका, कारण घराण्यागणिक नकाशा बदलतो. किराण्यात एकेक स्वर उघडत सावकाश चढतात, तिथे बाराव्या रेघेपर्यंत गंधारावरच मुक्काम असला तरी कौतुकच होईल. जयपूर-अत्रौलीत लय मुळात चढी, आवर्तन आटोपशीर, 'आ'कारात घेतलेली वळणं एकमेकांत गुंतत जाणारी, ताना लवकर सुरू. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्याला किराण्याची फूटपट्टी लावली तर ते घाईत आहेत असं वाटेल! आग्र्यात नोमतोम ('नोम', 'तोम' अशा अक्षरांवर केलेली आलापी) आणि बोलांची फेक. गायक कुठल्या वाटेने निघालाय ते आधी ओळखायचं, आणि त्याच वाटेवर तो किती पोचला ते बघायचं.

राग नीट ओळखता येतोय का, हे बघायला भूप चांगला. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपाचा जीव गंधारात आणि सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, देशकाराचा धैवतात आणि वरच्या भागात. रेकॉर्डिंगवर 'भूप' लिहिलंय आणि गायक सारखा धैवतावर जाऊन बसतोय, तर काहीतरी बिनसलंय. मींड घेताना मध्यम-निषादाचा स्पर्श होऊ लागला तर शुद्ध कल्याण डोकावतो. जाणकार गायक या सीमेवर मुद्दाम फिरतातही, पण मग परत घरी येतात.

साथीबद्दल थोडक्यात. विलंबितात तबलजीने ठेका धरून ठेवावा, मोकळीक मिळाली की बोलावं. नव्या मिक्सिंगमध्ये तबला बेसुमार वर आणायची फॅशन आहे, त्यात तबलजीचा दोष नाही. पेटीवाला गायकाच्या मागून सावलीसारखा येतोय की पुढे धावतोय, ते ऐका. सारंगी असेल तर अर्थातच दुधात साखर.

तुलना करायचीच, तर

नव्या गायकाचं गाणं ऐकलं की आपल्याकडे दोन मिनिटांत भीमसेनजी नाहीतर किशोरीताई येतात. पण जुन्यांची जी रेकॉर्डिंग आज कानावर येतात ती काळाने गाळून दिलेली असतात. सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालू आहे. तिथे न रंगलेल्या मैफलीही झाल्या असणारच, पण त्या कुणी पुन्हा लावत नाही. समोर असतं ते निवडक, आणि त्याच्याशी सामना एका तरुणाच्या एका संध्याकाळचा.

दुसरं असं की वेळेची चौकट प्रत्येक काळात वेगळी होती. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मिळत. शेवटी तिने इंग्रजीत स्वतःचं नावही सांगून टाकलं, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना गाणं कुणाचं हे कळायला हवं. 1925 च्या सुमाराला विजेवरचे माइक आले, तोपर्यंत भोंग्यात तोंड घालून जोरात गावं लागे. केसरबाई केरकरांची 'जात कहां हो' ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे आणि तिच्यात काही कमी पडलंय असं वाटत नाही. अमीर खाँसाहेबांचे मारवा आणि दरबारी एलपीच्या एकेका बाजूवर मावले. आज ॲपवर वेळेची मर्यादाच उरली नाही, आणि खरं सांगायचं तर कित्येक नव्या अल्बमना थोडी कात्री लागली असती तर बरं झालं असतं. उलट, ज्यांच्या गायकीवरून जयपूरचं गाणं ओळखायचं त्या अल्लादियाखाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण केलंच नाही. त्यांचा अंदाज आपण केसरबाई, मोगूबाई यांच्यावरून आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेल्या मन्सूरांवरून बांधतो.

म्हणून तुलना करायचीच तर त्याच घराण्याच्या, त्याच रागाच्या, शक्य तर त्याच बंदिशीच्या रेकॉर्डिंगशी करा. आणि आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला जास्त चांगलं वाटतं, ही माणसाची खोड आहे. ॲपमध्ये आवाजाची पातळी सारखी ठेवण्याची सोय असते. स्पॉटिफाय ती साधारण उणे 14 एलयूएफएसवर (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) आणतं. ती चालू ठेवा.

यात एक सापळा आहे. 'नवीन' म्हणून आलेला अल्बम नवीन असतोच असं नाही. जुनी कॅसेट, जुनी रेडिओची टेप नव्या मुखपृष्ठासह चढवली जाते. साथीदारांची नावं नाहीत, साल नाही, जागा नाही, कधी रागाचं नावही चुकीचं. अशा वेळी आवाजावरून वयाचा अंदाज घ्या, आणि तंबोरा पुन्हा ऐका: खरखर काढण्याच्या नादात जुन्या टेपवरून तंबोऱ्याची झणकार आणि 'स', 'श'ची धार खरवडून काढलेली असते. तबकडीवरून घेतलेलं असेल तर पट्टीही तपासा. मिनिटाला 80 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78 वर वाजवली तर सगळं गाणं सुमारे 44 सेंट खाली येतं, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याला थोडं कमी. अशा गाण्याची लयही मंदावते, आणि मग लोक म्हणतात, काय ठेहराव होता त्या काळी.

मत लिहायचं झालं तर वेळ टाकून लिहा. म्हणजे असं: 'यमन, विलंबित एकताल. 4:10 चा मंद्र निषाद फार सुंदर, तंबोऱ्यात मिसळलाय. 11 व्या मिनिटापर्यंत बढत (रागाचा विस्तार) निवांत, नंतर पंचम ओलांडायची घाई. 19:30 पासूनच्या ताना सुट्या आणि दाणेदार, पण उतरण एकच. तबला मिक्सिंगमध्ये अकारण वर. घुमारा निम्मा चालला असता. द्रुत बंदिशीचे शब्द कळले नाहीत. पेटीवाल्याचं नाव कुठेच दिलेलं नाही, ते द्यायला हवं होतं.'